सहाव्या महिन्यातच पोट कडक होतंय, सराव कळा एवढ्या लवकर सुरू होतात का?

तासगावची_सून
नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माहेर सातारा, सासर तासगाव. पहिलीच वेळ आहे, परवा २४ आठवडे पूर्ण झाले. गेल्या आठवड्यापासून एक प्रकार चालू झालाय. संध्याकाळी भाकऱ्या थापायला उभी राहिले की पोट एकदम ताठ होतं. दुखत नाही अजिबात, पण बेंबीच्या वर हात ठेवला तर घट्ट मळलेल्या पिठाचा गोळा असावा तसं लागतं, आणि एका अंगाला जास्त वर येतं, चक्क वाकडं दिसतं पोट. मी ओट्याला धरून तशीच उभी राहते, मनात तीस-चाळीस आकडे मोजते, मग आपोआप सैल पडतं. दिवसातून तीन-चार वेळा होतं असं.

सासूबाई म्हणतात बाळ आळस देतंय. आई फोनवर म्हणते वारा धरला असेल, ओवा खा. नवरा पुण्याला कामाला, शनिवारी येतो, तो मोबाईलवर काहीबाही वाचून मला अजून घाबरवतो. पुढची तपासणी बारा दिवसांनी आहे. सराव कळांबद्दल (खऱ्या कळांच्या आधी पोट नुसतं आवळून सैल पडतं त्या) ऐकलंय, पण त्या आठव्या-नवव्यात येतात ना? तुमच्या कधी सुरू झाल्या, कसं ओळखलंत, आणि मी बारा दिवस थांबू की आधीच जाऊन येऊ?

कोरेगावकर_वैनी
अगं आधी एक तांब्या पाणी पी आणि डाव्या कुशीवर पड. मग बाकीचं वाच.

माझं सांगते. पहिल्या वेळी सातवा लागल्यावर, साधारण २८-२९ आठवड्यांत कळलं. गच्चीवरचे कपडे काढताना हात वर केला आणि पोट दगड. दुसऱ्या वेळी मात्र पाचव्यातच ओळखलं, विसावा आठवडा असेल. लवकर सुरू झालं का मला आधीपासून माहीत होतं म्हणून लवकर कळलं, ते देव जाणे. जावेला तर पूर्ण नऊ महिन्यांत काही म्हणजे काही जाणवलं नाही, थेट खऱ्याच कळा. त्यामुळे ठरावीक महिना असा नसतो बघ.

हळदगल्ली
मला २६ला. जिना चढला की हमखास.

सिस्टर_कराड
बावीस वर्षं लेबर रूमला काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळा, गर्भपिशवी म्हणजे स्नायूंचीच पिशवी. ती अगदी सुरुवातीच्या आठवड्यांपासून अधूनमधून आवळत असते, पण तेव्हा ती एवढीशी आणि ओटीपोटात खोल, कुणाला पत्ता लागत नाही. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला पिशवीचं टोक बेंबीपर्यंत येतं, मग हाताला लागायला लागतं. म्हणून बऱ्याच जणींना विसाव्यानंतर कधीतरी जाणवतात, जास्त करून सातव्या महिन्यापासून पुढे, आणि शेवटच्या महिन्यात वाढतात. २४ला जाणवणं हे काही जगावेगळं नाही.

आता ओळखायचं कसं. बाळ हललं तर पोटाचा एखादा कोपरा वर येतो, बाकी पोट मऊ राहतं. पिशवी आवळली की सगळंच घट्ट होतं, बोट दाबलं तरी आत जात नाही, आणि मग ओसरतं. म्हणजे सासूबाईपण चुकीच्या नाहीत, बाळ जोरात फिरलं की त्या निमित्तानं पिशवी आवळते असंही होतं. सराव कळेला ताल नसतो. आत्ता आली, परत दोन तासांनी येईल नाहीतर उद्या येईल. वाढत जात नाही. जागा बदलली, लघवीला जाऊन आलं, पाणी प्यालं, पडून राहिलं की जाते. कमी पाणी, भरलेली लघवी, दिवसभर उभं राहणं, नवराबायकोचा संबंध, ह्या सगळ्यानं येऊ शकते. तू लिहिलंयस त्यात संध्याकाळ आणि उभं राहणं दोन्ही आहे. दिवसभरात किती पाणी पोटात गेलं ते आधी बघ.

पण मी फोनवरून किंवा इथं टाईप करून कुणाच्या पोटाला हात लावू शकत नाही. बारा दिवस थांबू नकोस, उद्याच जाऊन ये. लघवीची तपासणी मागून घे. लघवीला इन्फेक्शन असलं तरी पोट असंच कडक होतं, आणि पुष्कळदा जळजळ वगैरे काहीच होत नाही, त्यामुळे बाईला कळतच नाही.

रानातला_गडी
एवढं काय न्हाई हो. आमच्या आईनं खुरपता खुरपता कळा काढल्या आणि संध्याकाळी मी झालो. आताच्या पोरींना मोबाईलनं भित्रं केलंय. पोट हाय म्हणल्यावर कडक बी व्हणार, मऊ बी व्हणार.

विटा_ते_सांगली
दादा, तुमच्या आईला नमस्कार, पण मी नवरा म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो.

आमचं पहिलं. ३६ आठवडे झालेले, रात्री नऊला बायको म्हणाली पोट आवळतंय. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून लाईटबिलाच्या पाठीमागं वेळ लिहायला लागलो. ९:१०, ९:३२, ९:३८, मग एकदम १०:२५. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी गाडी काढली, बॅग टाकली, आईला मागं बसवलं आणि सांगली गाठली. रात्री दोनला डॉक्टर मॅडम झोपेतून उठून आल्या. त्यांनी ते लाईटबिल हातात घेतलं, बघितलं आणि म्हणाल्या, बावीस मिनिटं, सहा मिनिटं, सत्तेचाळीस मिनिटं, ह्याला काही मेळ आहे का? मग तपासलं, पिशवीचं तोंड बंद. परत पाठवलं. मी ओशाळून सॉरी म्हणालो तर म्हणाल्या, परत वाटलं तर परत या, दहा वेळा या.

आम्ही आठ दिवसांनी परत गेलो. तेही खोटंच निघालं. तिसऱ्या वेळी पहाटे २:०५, २:१७, २:२८, २:३७, २:४५. आकडे लिहितानाच माझे हात कापायला लागले, कारण अंतर कमी होत चाललेलं, आणि बायको बोलता बोलता थांबायला लागली होती, वाक्य अर्धं सोडून. कंबरेतून सुरू होऊन पुढं येतंय म्हणाली. सकाळी साडेनऊला मुलगा झाला. ते बिल अजून फाईलला लावलेलं आहे, बारशाच्या फोटोशेजारी. भरायला मात्र विसरलो, दंड बसला.

भडंगप्रेमी
तो दंड वसूल झाला म्हणायचं दादा 😄

हळदगल्ली
हे बिलाचं भारी आहे. मीपण कॅलेंडरवर लिहायचे, दुधाच्या हिशोबाशेजारी. सासरे विचारायचे हे कुठलं दूध.

माणदेशी_आई
रानातल्या दादांना उत्तर द्यायचं म्हणून लॉगिन केलंय. राग नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मला ३१ आठवडे होते. दोन दिवस पोट कडक होत होतं, मधे मधे. दुखत नव्हतं. पाळीच्या वेळी कसं कंबर जड होते तसं नुसतं होतं, आणि खाली जरा जास्त ओलसर. सगळ्या म्हणाल्या खोट्या कळा असतात, सातव्यात होतंच. मीही तेच धरून बसले कारण मला तेच हवं होतं. तिसऱ्या रात्री ते दहा-दहा मिनिटांनी यायला लागलं. जिथं नाव घातलेलं तिथं फोन केला तर पलीकडून सांगितलं, पहिलटकरणीला सगळ्यांनाच असं वाटतं, सकाळी या. मी फोन ठेवला आणि परत आडवी झाले. माझ्या थोरल्या नणंदेनं ऐकलं नाही. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली, अर्धा तास एक शब्द बोलली नाही. मग उठली आणि १०८ला फोन लावला.

साताऱ्यात पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड उघडायला लागलेलं. बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, कळा रोखायला औषध दिलं, त्यानं दोन दिवस मिळाले. त्या दोन दिवसांची किंमत मला नंतर कळली. डॉक्टर म्हणाले इंजेक्शनांना काम करायला तेवढा वेळ लागतो, तुम्ही सकाळची वाट बघितली असती तर तो मिळाला नसता. लेक दीड किलोची झाली. काचेच्या पेटीत होती, नंतर मी आणि तिचे बाबा पाळीपाळीनं तिला उघड्या छातीशी धरून बसायचो, तासन् तास. आता चार वर्षांची आहे, अंगणवाडीत सगळ्यांच्या डब्यातलं खाऊन येते.

म्हणून सूनबाई, सराव कळा असतील तुझ्या, बहुतेक असतीलच. पण ते "असतील" तू ठरवू नकोस, सासूबाई पण नको, आम्ही पण नको.

सिस्टर_कराड
माणदेशी ताई, नणंदेच्या पाया पडायला पाहिजे. हात आणि घड्याळ, हेच खरं.

सगळ्यांसाठी परत लिहिते. ३७ आठवड्यांच्या आत तासाभरात चार किंवा जास्त वेळा पोट आवळलं, दुखो न दुखो, विश्रांती आणि पाणी घेऊनही थांबलं नाही, तर निघायचं. पाळीसारखी कंबर-ओटीपोट धरलं, खाली दाब आल्यासारखं वाटलं, पाणी गेलं किंवा नुसतं झिरपल्यासारखं वाटलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, तर ताससुद्धा मोजत बसायचं नाही. आणि "सकाळी या" म्हणालं कुणी, तर दुसरीकडं जायचं. सरकारी दवाखान्याचं दार रात्री उघडं असतं. १०८ फुकट आहे, गरोदर बाईला न्यायला आणि बाळंतिणीला घरी सोडायला १०२ आहे, तीही फुकट. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली बाळंतपणं फुकट आहेत, सिझर धरून. पैशाच्या विचारानं रात्र काढू नका.

वाळव्याची_आशा
सिस्टरनी पाण्याचं लिहिलंय त्यावर बोलते, कारण मी रोज हेच बघते.

आमच्याकडं ऊसतोडीला बाहेरून टोळ्या येतात. त्यात गरोदर बाया असतात, कोयता घेऊन फडात. अंधारातच एकदा जाऊन येतात, मग दिवस मावळेपर्यंत आडोसा नाही. म्हणून पाणीच पीत नाहीत. वर ऊन. मी त्यांच्या कोपीवर जाते तेव्हा विचारते पोट कडक होतं का, तर म्हणतात होतंय की, रोजच होतंय, त्यात काय. दोघींना ओढून नेऊन लघवी तपासली, दोघींना इन्फेक्शन. हे फक्त फडातच नाही हो. माझी पुतणी शिक्षिका, एसटीनं जाऊन येऊन करते, शाळेत संडासाला कडी नाही म्हणून सकाळी चहा पिऊन निघते ती संध्याकाळी घरी येऊन पाणी पिते. सहावा महिना. तिला मी रागावले आणि मग शाळेच्या सरांना जाऊन भेटले. कडी बसली. वीस रुपयांची कडी.

आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून पुढच्यांची, हे माहीत असू द्या. शेजारणीलाही सांगा.

भडंगप्रेमी
वीस रुपयांची कडी. काय बोलावं.

अजिंक्यतारा_पायथा
थोडं विषयांतर. ह्याला इंग्रजीत ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात, जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८७२ साली ह्याचं वर्णन लिहिलं म्हणून. आमच्या आजीला तो माणूस माहीत असायचं कारण नाही, पण तिला हे नक्की माहीत होतं. ती "पोट धरतंय" आणि "वेणा लागल्या" असे दोन वेगळे शब्द वापरायची. पोट धरलं की म्हणायची बस जरा, आणि वेणा लागल्या की चुलीवर पाणी ठेवायची.

मला "खोट्या कळा" हा शब्द आवडत नाही. बाईला होतंय ते खोटं कसं?

कोरेगावकर_वैनी
बरोब्बर. मला नवव्यात दोनदा "खोट्या आहेत, जा घरी" म्हणून पाठवलं तेव्हा मी खोटं बोलले असं वाटून रडले होते. पोट धरतंय हाच शब्द चांगला.

आज्जी_वाईकर
मोबाईल नातीनं दिलाय, हळू लिहिते. पोरी, नववा सरत आला आणि कळा नुसत्या येऊन जात असल्या तर आम्ही एरंडेल द्यायचो दुधातून. मोकळी व्हायची बाई.

सिस्टर_कराड
आज्जी, तुमच्या हातून किती बाळंतपणं झाली असतील, मान आहेच. पण एरंडेल नको. जुलाब होतात, बाई पाण्यानं रिकामी होते, आणि पोट उगीच जोरात आवळायला लागतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एरंडेलही नको, काढेही नकोत. गरम पाण्यानं अंघोळ, खूप कढत नको, आणि कंबरेला हलक्या हातानं तेल, एवढं तुमच्या हातचं खुशाल करा.

आज्जी_वाईकर
बरं बाई. तेल लावीन. तूप तरी घालू का भातावर?

हळदगल्ली
घाला आज्जी, आम्हालाही घाला.

रानातला_गडी
माणदेशी ताई, तुमचं वाचलं आणि रात्री जेवताना आईला विचारलं. म्हणलं तुला माझ्या वेळी कळा कशा कळल्या. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली तुझ्या आधी एक झालेला, सातव्यात, रानातच. जगला न्हाई. मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलेलं पोट असंच धरतंय, पेंढी बांधून झाली की बसू.

मी वर लिहिलेलं मागं घेतो. सूनबाईनं जाऊन यावं.

माणदेशी_आई
दादा, आईजवळ बसा आज.

तासगावची_सून
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. सिस्टरांचं वाचून दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना घेऊन सांगलीला गेले. मॅडमनी पोटावर हात ठेवला आणि नेमकं तेव्हाच पोट कडक झालं, म्हणाल्या ही बघा आली, सराव कळ आहे. ठोके छान. आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली, ती व्यवस्थित आहे. पण लघवीत इन्फेक्शन निघालं! मला काही म्हणजे काही त्रास नव्हता. गोळ्या दिल्यात, पाणी वाढवायला सांगितलंय. सासूबाईंनी आता स्वयंपाकघरात माझ्यासाठी वेगळा माठ भरलाय आणि संध्याकाळी बघतात किती उतरला. भाकऱ्या त्या थापतात, मी स्टुलावर बसून भाजते. चार दिवसांत एकदाच पोट कडक झालं.

आईला पण सांगितलं की वारा नाही. ती म्हणते ओवा खाल्ल्यानं काय बिघडतंय.

विटा_ते_सांगली
वेळ लिहून ठेवा वहिनी. बिल भरून मग.

कृष्णाकाठ_९१
धागा जुना झालाय पण मला उलटा प्रश्न आहे. मला ३४ पूर्ण झाले, एकदाही पोट कडक झालेलं नाही. मैत्रिणी विचारतात अजून नाही का आलं, आणि मला वाटतं माझी पिशवी तयारीच करत नाहीये का. काही चुकतंय का?

कोरेगावकर_वैनी
अगं माझ्या जावेचं वर लिहिलंय बघ. तिची तर दोन्ही बाळंतपणं नीट झाली.

सिस्टर_कराड
काही चुकत नाही. पुष्कळ जणींना कळतच नाहीत. बाळाची हालचाल रोजच्यासारखी आहे ना, तेवढं बघ. आणि जेव्हा खऱ्या येतील तेव्हा, दिवस भरले असतील तर पहिलटकरणीनं असं धरायचं: पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि असं तासभर टिकलं की निघायचं. गाव लांब असेल तर त्याच्या आधीच निघायचं. पाणमोट फुटली तर कळांची वाटच बघायची नाही.

तासगावची_सून
कृष्णाकाठ, मी परवा ३५ला तपासणीला गेलेले. पोटाला पट्टा बांधून वीस मिनिटं मशीनला जोडून ठेवलं होतं, शेजारच्या खाटेवर एक ताई होत्या, त्याही तुझ्यासारखंच म्हणत होत्या की मला काही जाणवत नाही. सिस्टरनी त्यांचा कागद काढून दाखवला, त्यावर दोन टेकड्या उठल्या होत्या. ह्या कधी आल्या, विचारलं त्यांनी. सिस्टर म्हणाल्या, आत्ता तुम्ही मला कांडी पेढ्यांचं दुकान सांगत होता ना, तेव्हा एक.